पावसाळ्याआधीची पन्हळ-सफाई : तरुणांसाठी एक हंगामी व्यवसाय आणि त्याच्या तीन अटी

एप्रिल महिना लागला की गृहनिर्माण सोसायट्या, शाळा, दवाखाने आणि एमआयडीसीतले कारखाने यांना एकाच कामाची आठवण होते. गच्चीवरचा कचरा काढायचा, पन्हळी मोकळ्या करायच्या, पावसाचे पाणी खाली आणणारे पाइप तपासायचे. हवामान खात्याच्या वेळापत्रकानुसार मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोहोचतो. म्हणजे या कामासाठी हातात जेमतेम दहा आठवडेच असतात. सोसायटीचे सेक्रेटरी मग नाक्यावरून दोन मजूर आणतात. मजूर दोरी, हेल्मेट, हातमोजे असे काहीही नसताना वर चढतात आणि संध्याकाळी हातात पडतील ते पैसे घेऊन जातात.

हेच काम चार तरुणांनी एकत्र येऊन, दर ठरवून, लेखी करार करून आणि सुरक्षेची साधने वापरून केले तर तो एक चांगला हंगामी व्यवसाय होतो. लागणारे भांडवल कमी आहे आणि काम दरवर्षी येणारे आहे. तरीही वस्त्यांमध्ये हा विषय काढला की आम्हाला हमखास एक प्रश्न ऐकू येतो, "बाबासाहेबांनी ज्या कामातून आम्हाला बाहेर काढले, तेच तुम्ही पुन्हा करायला सांगता?" हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. म्हणून आधी त्याबद्दल, मग व्यवसायाबद्दल.

आपण काय सोडले होते?

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडा, गावकीची लाचारी सोडा, स्वाभिमानाने जगा, असे आवाहन केले. पुढच्या वर्षी त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले. वतनाचा जाच कशात होता? काम कोणी करायचे हे जन्माने ठरत होते. मोबदला किती हे गाव ठरवत होता. आणि काम नाकारायची सोय नव्हती. एकाने नाकारले तर साऱ्या महारवाड्यावर बहिष्कार पडत होता. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

म्हणजे आपण सोडली ती सक्ती होती. झाडू आणि फावडे ही साधने आहेत. ती कोणाच्या हातात, कोणाच्या हुकमाने आणि किती मोबदल्यात दिली जातात, यावर मान की अपमान हे ठरते. म्हणून या व्यवसायाच्या तीन अटी आम्ही मानतो. काम आपण निवडलेले असावे. दर आपण ठरवलेला असावा. आणि जिवावर बेतणाऱ्या कामाला नकार देण्याची ताकद आपल्यात असावी. यातली एकही अट सुटली तर नुसते नाव बदलून जुनेच काम घरी येईल. पुढे जे काही तपशील देत आहोत ते या तीन अटी पाळता याव्यात म्हणूनच.

पन्हळ वेगळी, मॅनहोल वेगळे

आपल्याकडे 'गटर' म्हटले की सांडपाण्याचे गटार डोळ्यांसमोर येते. या व्यवसायाचा विषय ते गटार नाही. छपराच्या कडेला पागोळ्यांचे पाणी गोळा करणारी पन्हळ, कारखान्यांच्या दोन छपरांमधली खोलगट पन्हळ, गच्चीवर पाणी उतरण्याची तोंडे, तिथून खाली येणारे पाइप आणि जमिनीवरची उथळ पावसाळी नाली एवढीच या कामाची हद्द आहे.

ही हद्द पहिल्याच दिवशी आखून घ्या, कारण ती ओलांडायला लावणारे लोक भेटतातच. गच्चीचे काम संपत आले की कोणीतरी म्हणते, "एवढे करताच आहात तर खालचे चेंबर आणि सेप्टिक टँकही बघून टाका, वरचे दोन हजार घ्या." इथे उत्तर एकच असले पाहिजे : नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्याच्या कामाला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार मलवाहिनी किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यानंतरच्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माणूस उतरवणाऱ्यात ठेकेदारही येतो. म्हणजे आपणच ठेकेदार असू तर आरोपीही आपणच. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारात मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबाला १० लाख रुपये भरपाई ठरवली होती. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती ३० लाख केली. न्यायालयाला ती वाढवावी लागली, कारण बंदी असूनही माणसे मरतच आहेत. त्यातली बहुसंख्य कोणत्या समाजांतली असतात हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

मॅनहोलमध्ये माणूस का मरतो, हेही माहीत असावे. बंद टाकीत मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन वायू साठतात, प्राणवायू कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाला तो वास कळेनासा होतो. "वास गेला, आता उतरा" हा समज म्हणूनच घातक आहे. पहिला बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. एकाच टाकीत दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या येतात त्या अशा.

आपला नियम साधा ठेवा : गच्चीवर किंवा जमिनीवर उभे राहून, लांब दांड्याच्या साधनाने जे निघते ते आपले काम. ज्यात माणसाला खाली उतरावे लागते ते काम यंत्राचे. सोसायटीला त्यासाठी सक्शन आणि जेटिंगची गाडी चालवणाऱ्याचा किंवा पालिकेच्या संबंधित विभागाचा पत्ता द्या. या सेवेसाठी १४४२० हा देशपातळीवरचा मदत क्रमांकही जाहीर झालेला आहे.

काम नेमके कसे करायचे?

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते. २,००० चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण १८६ चौरस मीटर. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या एका गच्चीवर साडेअठरा हजार लिटर पाणी पडते, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर. दोन पाइपची तोंडे बुजलेली असतील तर ते पाणी स्लॅबमध्ये मुरते, भिंतीत उतरते, लिफ्टच्या खड्ड्यात जाते. गिऱ्हाइकाला हा हिशेब त्याच्या गच्चीच्या मापाने करून दाखवा. दर का द्यायचा हे त्याला लगेच कळते.

आधी पाहणी करा. छप्पर कसले आहे (स्लॅब, लोखंडी पत्रा, सिमेंटचा पत्रा, कौले), पन्हळीची लांबी किती फूट, पाइप किती, उंची किती, जवळून विजेची तार जाते का, दोरी बांधायला भक्कम जागा आहे का, हे लिहून घ्या आणि फोटो काढा. पाहणीशिवाय फोनवर दर सांगू नका.

काम सुरू झाल्यावर पहिली सफाई कोरडी. पाने, प्लॅस्टिक, कबुतरांची घरटी, साचलेला गाळ खरवडून गोणीत भरायचा आणि गोणी दोरीने खाली सोडायची. पाणी सोडून कचरा पाइपात ढकलणे ही घाईत काम उरकणाऱ्यांची नेहमीची पद्धत आहे. गच्ची स्वच्छ दिसते, पण कचरा पाइपाच्या खालच्या वळणात जाऊन बसतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी तुंबते. कबुतरांची विष्ठा मात्र कोरडी खरवडू नका. तिची धूळ फुप्फुसांना बाधते, म्हणून आधी पाणी शिंपडा आणि एन-९५ मास्क लावा.

त्यानंतर प्रत्येक पाइपात बादलीभर पाणी ओता. एकाने वरून ओतायचे, दुसऱ्याने खाली ते किती जोराने बाहेर येते ते पाहायचे. पाणी अडत असेल तर मोकळे करायला खालच्या वळणापासून सुरुवात करा, वरून दामटू नका. शेवटी तोंडावर जाळी बसवा. सपाट जाळीवर दोन पाने पडली की ती झाकली जाते. उंच, घुमटासारखी जाळी जास्त टिकते. पन्हळीचा उतार चुकलेला असेल, ब्रॅकेट सैल असेल, सांधा गळत असेल तर अहवालात लिहून द्या. ती दुरुस्ती हे पुढचे काम असते.

गच्चीच्या भेगेत किंवा पाइपाच्या सांध्यात पिंपळाचे रोप उगवलेले बऱ्याचदा सापडते. ते वेळीच मुळासकट काढले नाही तर भिंत फोडते. रोप लहान असेल तर फेकू नका, जपून काढून विहाराच्या आवारात किंवा मोकळ्या जागेत लावा.

निघालेला कचरा नाल्यात किंवा रस्त्याच्या कडेला टाकायचा नाही. पाने सोसायटीच्या खतखड्ड्यात, प्लॅस्टिक वेगळे, आणि गाळ कुठे टाकायचा हे पालिकेच्या कार्यालयात आधी विचारून ठेवायचे. शेवटी आधीचे आणि नंतरचे फोटो एकत्र करून गिऱ्हाइकाला द्या. पुढच्या वर्षीचे काम या फोटोंवर मिळते.

उंचीवर जीव सांभाळणे

या धंद्यातला सर्वांत मोठा धोका पडण्याचा आहे. फुल बॉडी हार्नेस, हेल्मेट, घसरणार नाहीत असे बूट आणि जाड हातमोजे प्रत्येकाला हवेत. हार्नेस नुसता अंगात घालून उपयोग नाही. त्याची दोरी भक्कम जागी बांधलेली हवी. पाण्याच्या पाइपाला किंवा जुन्या कठड्याला दोरी बांधू नये.

शिडी लावताना चार फूट उंचीला एक फूट या प्रमाणात तिचा पाया भिंतीपासून दूर ठेवावा. शिडीचे वरचे टोक छपराच्या कडेपेक्षा तीन फूट वर आले पाहिजे, आणि खाली एकाने ती धरून उभे राहिले पाहिजे. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवू नये. तो वरून मजबूत दिसतो आणि पायाखाली अचानक फुटतो. आडव्या फळ्या टाकूनच त्यावर जावे. जुन्या पत्र्यात ॲसबेस्टॉस असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये आणि जोराच्या फवाऱ्यानेही धुऊ नये. पाऊस, वीज किंवा जोराचा वारा असेल तर काम बंद. उंच इमारतीला बाहेरून दोरीवर लटकून पाइप साफ करणे हे वेगळ्या प्रशिक्षणाचे काम आहे, ते घेऊ नका.

उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. गमबूट वापरा, जखम उघडी ठेवून काम करू नका, धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असू द्या. कामानंतरच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना आपण कोणते काम केले ते आधी सांगा.

विमा हा खर्च टाळण्यासारखा नाही. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते. ते प्रत्येकाचे बँक खात्यातून सुरू करा. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण पडून हात मोडला तर घरी बसलेल्या दिवसांचे पैसे कोण देणार? म्हणून कामगार नुकसानभरपाईचा विमा व्यवसायाच्या नावाने घ्या.

दर कसा ठरवायचा?

एक उदाहरण मांडू. आकडे समजण्यासाठी आहेत. आपल्या भागातले भाव घालून तुम्ही ते पुन्हा मांडा. समजा एका तीन मजली इमारतीचे काम चार जणांना एक दिवस लागते. चौघांची मजुरी प्रत्येकी ९०० प्रमाणे ३,६०० रुपये. टेम्पो आणि इंधन ७००. गोण्या, मास्क, हातमोजे ४००. साधनांची झीज ५००. विमा आणि कागदपत्रे ३००. एकूण खर्च ५,५०० रुपये. दर ७,५०० घेतला तर दिवसाला २,००० उरतात. हंगामात ३० दिवस काम मिळाले तर ६०,००० रुपये. मालक स्वतः चौघांपैकी एक असेल तर त्याची २७,००० रुपये मजुरी वेगळी.

आता कोणी म्हणाले की पाच हजारांत करा, तर रोज ५०० रुपये कमी पडतात. ते कुठून येणार? मजुरीतून, विम्यातून किंवा हार्नेसच्या पैशांतून. कमी दराची भरपाई अशी कोणाच्या तरी अंगावरून होते. म्हणून किमान दराखाली जायचे नाही, हे चौघांनी आधीच बसून ठरवावे.

उरलेल्या रकमेतला एक भाग राखीव ठेवा. मॅनहोलचे दोन हजार नाकारायचे असतील तर त्या दिवशी घरात दोन हजार असले पाहिजेत. नकार देण्याची ताकद भाषणातून येत नाही, ती या राखीव पैशातून येते.

करार एका पानाचा पुरे : काम कोणते आणि कोणते नाही, दर, काही टक्के आगाऊ रक्कम, उरलेली रक्कम किती दिवसांत, पाणी आणि वीज कोणाची, पाऊस आल्यास दुसरी तारीख, आणि साफ केलेला पाइप १५ दिवसांत पुन्हा तुंबला तर एक फेरी मोफत. "मॅनहोल, सेप्टिक टँक व बंद चेंबरमध्ये माणूस उतरवला जाणार नाही" हे वाक्य ठळक अक्षरांत लिहा.

कागदपत्रे आणि भांडवल

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगार मोजकेच असतील तर फक्त सूचना द्यावी लागते. सेवा व्यवसायाला वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची गरज नसते. व्यवसायाच्या नावाने चालू खाते मात्र पहिल्याच महिन्यात काढा.

पहिल्या हंगामासाठी मुद्रा योजनेच्या शिशू गटातले ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज किंवा वस्तीतल्या बचत गटाची मदत पुरेशी असते. हार्नेस आणि हेल्मेट विकत घ्या. फवाऱ्याचे यंत्र, उंच शिडी सुरुवातीला भाड्याने आणा. व्यवसाय स्थिरावल्यावर मोठ्या योजनेकडे वळा. पीएमईजीपीमध्ये अनुसूचित जातीच्या अर्जदाराला स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात आणि शहरी भागात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलतीही मिळतात, त्यामुळे जातीचा दाखला योग्य नमुन्यात आधीच तयार ठेवा. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीजभांडवल योजनेची चौकशी जिल्हा कार्यालयात करा. चालू नियम अर्ज करण्याआधी तपासून घ्यावेत.

आणखी एक तरतूद आपल्या तरुणांपर्यंत फारशी पोहोचत नाही. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या खरेदीतला ४ टक्के भाग अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, असे २०१२ चे खरेदी धोरण सांगते. त्यात सेवाही येतात. रेल्वेच्या शेड, सरकारी कंपन्यांची गोदामे, केंद्रीय कार्यालये या सगळ्यांना छपरे आहेत. दोन हंगामांचे अनुभवपत्र हातात आले की या निविदा भरता येतात.

पाऊस सुरू झाल्यावर काय?

सहा आठवड्यांच्या कमाईवर वर्ष निघत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. म्हणून सोसायटीशी वर्षाचा करार करा : मे महिन्यात पूर्ण सफाई, ऑगस्टच्या उघडिपीत पुन्हा एक फेरी, पाऊस गेल्यावर जमिनीवरून किंवा गच्चीवरून करता येतील अशी कामे. पर्जन्यजल संकलनाच्या फिल्टरची सफाई, सोलर पॅनेल धुणे, पन्हळीची दुरुस्ती आणि रंगकाम ही त्याच साधनांवर होणारी कामे आहेत. शिकणाऱ्या मुलांना हा हंगाम परीक्षेनंतरच्या सुट्टीत येतो. वर्षाची फी निघाली तरी तो कारणी लागला.

खाली कोण उभे राहणार?

शेवटचा प्रश्न आपल्या आतला आहे. व्यवसाय वाढला की आपला तरुण बिल फाडायला बसतो आणि घाण काढायला कोणाला बोलावले जाते? मेहतर-वाल्मीकी वस्तीतल्या मुलाला, मातंग बांधवाला, परप्रांतातून आलेल्या मजुराला. तेही निम्म्या मजुरीवर. असे झाले तर आपण उतरंडीत फक्त एक पायरी वर सरकलो, उतरंड तशीच राहिली.

म्हणून पहिला हंगाम मालकाने स्वतः गच्चीवर काढावा. कामे आळीपाळीने वाटावीत : आज जो गोण्या भरतो तो उद्या पाहणी आणि हिशेब करेल. बाईला खालचे झाडलोटीचे काम आणि कमी मजुरी, पुरुषाला वरचे काम आणि जास्त मजुरी अशी विभागणी नको. समान दिवसाला समान मजुरी हवी. जमल्यास चौघांची भागीदारी किंवा बचत गटाचाच उद्योग करा, आणि त्यात इतर वस्त्यांतल्या तरुणांना मजूर म्हणून नव्हे तर भागीदार म्हणून घ्या.

आपल्या विहारात महिन्यातून एक सभा होतेच. फेब्रुवारीच्या सभेत हा विषय ठेवा. चार जणांची नावे ठरवा, परिसरातल्या वीस इमारतींची यादी करा, मार्चमध्ये पाहणी सुरू करा. एप्रिलमध्ये सोसायटीचा माणूस नाक्यावर जाईल तेव्हा त्याच्या हातात तुमचा करारनामा आधीच पोहोचलेला असला पाहिजे.